परिशिष्ट-दोन

‘काय वाचायचं ते तुम्ही ठरवा,’ असं सातवीला सांगताना माझ्या मनात कपाटातली दीडएकशे पुस्तकं होती. कपाटाबाहेरचं काही वर्गात येईल असं वाटलंच नव्हतं.

शाळा भांडुपची, मुलं बहुतेक टेकडीवरच्या वस्तीतली. कपाटाची किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये. ‘पुस्तक फाटलं तर डेडस्टॉकला काय दाखवू?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही. शेवटी 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची पुढे ठेवली. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. किल्ली मिळाली, बुधवारचा शेवटचा तास मिळाला.

पहिले दोन बुधवार कपाटातल्या ‘किशोर’च्या जुन्या अंकांवर गेले. मग मुलं घरून आणू लागली. क्रिकेटची पुरवणी, मेंदीच्या डिझाइनचं पुस्तक, मिक्सरसोबत आलेलं माहितीपत्रक. एकीने राशिभविष्याचं पान आणलं तेव्हा जीभ फार शिवशिवली, पण शब्द दिला होता.

तिसऱ्या बुधवारी सुप्रियाने (नाव बदललंय) प्लास्टिकच्या पिशवीतून झेरॉक्सची चळत काढली. ही मागच्या बाकावरची. मोठ्याने वाच म्हटलं की हिला हटकून खोकला यायचा. ‘बाई, हे चालेल?’

परिशिष्ट-दोन. झोपडपट्टी पुनर्वसनात कोण पात्र, कोण अपात्र याची यादी, ती ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, म्हणजे ‘सक्षम प्राधिकाऱ्या’ने काढलेली. 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून राहतोय हे कागदावर दाखवता आलं तर घर मोफत. त्यानंतर 2011 पर्यंत आलेल्यांना पैसे भरून. टेकडीवर या यादीचं नाव शेंबड्या पोरालाही माहीत, पण ती सलग वाचलेली माणसं फार थोडी.

ती उभी राहिली. खोकली नाही. रकान्यावर बोट ठेवून वाचू लागली : अनुक्रमांक, झोपडी क्रमांक, झोपडीधारकाचे नाव, शेरा. ‘सबळ पुरावा’पाशी अडखळली. मागून एकाने विचारलं, ‘बाई, निर्बळ पुरावा पण असतो का?’ मी हसले. अर्थ सांगेपर्यंत निम्मा वर्ग तिच्या बाकाभोवती. ‘माझ्या पप्पांचं बघ!’ ‘पान उलट ना!’ एरवी धड्याची चार वाक्यं वाचताना जांभया देणारी मुलं दाटीने छापलेल्या त्या ओळींवर तुटून पडली होती.

इथे मी चुकले. यादी आधी स्वतः चाळायला हवी होती. एका मुलाला वडिलांच्या नावापुढे ‘अपात्र’ दिसलं, तेही चाळीस जणांसमोर. तो काही बोलला नाही, जागेवर जाऊन दप्तराचे बंद आवळत बसला. मी कागद गोळा केले. त्याच्याशी नंतर बोलले, पण काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. धीराचे दोन शब्द, झालं.

तास संपल्यावर सुप्रिया थांबली. आजीच्या नावापुढेही ‘अपात्र’ होतं. शेरा : मतदार यादीतील नाव जुळत नाही. तिने नखाने जागा दाखवली.

‘बाई, काना राहिलाय.’

मतदार यादीत सुभद्रा, इथे सुभद्र. दोन वर्षं मी या मुलीच्या वहीत काना-मात्रांवर लाल गोल काढतेय. तो काना घरात कोणाला दिसला नव्हता. आई धुणीभांडी करून रात्री नऊला येते, आजीला अक्षरओळख नाही आणि बाहेरचा एक माणूस अर्ज लिहून द्यायचे दोन हजार मागत होता.

पुढच्या बुधवारी तिने कपाटातलं काहीच घेतलं नाही. माझ्याशेजारी बसून अपिलाचा मसुदा केला. औपचारिक पत्राचा नमुना मी दरवर्षी शिकवते. वाढदिवसाला पुस्तकं मागवणे, असले विषय. हिने तीनदा खोडलं, ‘महोदय’नंतर स्वल्पविराम येतो का विचारलं आणि ‘सुभद्रा’खाली रेघ मारली. शब्द तिचे, मी फक्त क्रम लावला. अपिलाचा निकाल अजून यायचाय.

वाचलेल्याची नोंद मुलं स्वतःच करतात. रकाने मी आखलेले : दिनांक, पुस्तकाचे नाव, लेखक. सुप्रियाच्या ओळीत लिहिलंय : परिशिष्ट-2. लेखक : सक्षम प्राधिकारी.