ना काळी दोन, ना पांढरी तीन

दुपारचं जेवण अंमळ जास्तच झालेलं, डोळा लागतोय न लागतोय, तोच शेजारच्या ब्लॉकमधून डग्गा घुमायला लागला. आमच्या दोन घरांमधली भिंत चार इंची. ती वरच्या सुरांतले आवाज अडवते आणि खालच्या सुरांतले खुशाल सोडते. त्यामुळे पलीकडे कोण काय बोलतंय ते कळत नाही, पण कोण चिडलंय ते बरोबर कळतं. संवाद नाहीत, घोड्याच्या टापा नाहीत, चाकांचा खडखडाट नाही, नुसता डग्गा. आणि मी उशीत तोंड खुपसून मनाशी म्हटलं, बसंती निघाली.

'शोले'तल्या त्या पाठलागामागे पंडित सामताप्रसादांचा तबला आहे. बनारसचा हात. भिंतीने तबल्याची सगळी चाट, म्हणजे कडेवरचा टणटणीत आवाज, खाऊन टाकली तरी ओळख पटायला दोन आवर्तनं लागली नाहीत. वर हेही कळलं, की शेजाऱ्यांनी नवा साउंडबार घेतलाय, सबवूफरसकट, आणि त्याचा बास कोणीतरी पार टोकाला नेऊन ठेवलाय. त्या डग्ग्याला एवढं पोट नाहीये हो. मला माहीत आहे. मी तो रेकॉर्डवर, कॅसेटवर, डिस्कवर, फोनवर असा सगळ्यावर ऐकलाय, आणि या खोडीपायी घरच्यांची बोलणीही भरपूर खाल्ली आहेत.

नातेवाइकांपैकी कोणी नवा टीव्ही किंवा स्पीकर घ्यायला निघालं की मला बरोबर नेतात आणि नंतर पस्तावतात. दुकानातला मुलगा हेलिकॉप्टर उडवून दाखवतो, समुद्र फोडून दाखवतो. मी म्हणतो, ते राहू दे, ठाकूरच्या घरचा झोपाळा लाव. गब्बर घोड्यावरून येतो तेव्हा अंगणात रिकामा झोपाळा करकरत असतो, तेवढाच. एका शितावरून भाताची परीक्षा. करकर पत्र्यासारखी आली तर स्पीकर नको. करकर गोड आली तर मुळीच नको.

या सगळ्याचं मूळ आमच्या घरातल्या एका जुन्या वादात आहे. १९७५च्या १५ ऑगस्टला शोले लागला तेव्हा बाबा मुंबईत नोकरीला होते, गिरगावात खोली घेऊन राहत होते. त्यांनी तो लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हाला पाहिला. ७० एमएम, सहा ट्रॅकचा स्टीरिओफोनिक आवाज. जयने उडवलेलं नाणं थेटरात असं काही खणखणायचं, की लोक खुर्चीखाली वाकून शोधायचे, असं मिनर्व्हाला गेलेला प्रत्येक जण आजही सांगतो. बाबा तर आपल्या उजव्या हाताचा तिसरा माणूस वाकला होता, इथवर सांगतात. आईने तोच पिक्चर लग्नाआधी मिरजेला पाहिला. साध्या ३५ एमएमच्या प्रिंटवर, पडद्यामागच्या एका भोंग्यातून. तिचं म्हणणं, "नाणं वगैरे काही नाही. पडलं असेल एखाद्याचं खिशातून." दोघांचं लग्न झालं, संसार झाला, पण दोघांनी एकच पिक्चर पाहिलाय यावर काही एकमत झालं नाही. आणि खरं सांगायचं तर पाहिलाच नव्हता. तेव्हा गावोगावी बहुतेकांनी पाहिला तो आईचा शोले. बाबांचा शोले मोजक्या थेटरांतच होता.

मला मात्र दोन्ही मिळाले नाहीत. माझ्याकडे तो आधी नुसताच ऐकायला आला, चित्राशिवाय. पॉलिडोरने पिक्चरच्या संवादांची रेकॉर्ड काढली होती. गाण्यांपेक्षा तिचीच चलती. गणपतीच्या मांडवात, हॉटेलात, लग्नाच्या जानवसघरात, जिथे लाउडस्पीकर तिथे गब्बर. मिरजेच्या मामाकडे ती तबकडी होती आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलं ती सुई झिजेपर्यंत वाजवायचो. बूट खडकावर घासत येतात, पट्टा दगडावरून ओढला जातो, मग तो किती माणसं होती ते विचारतो. माझा गब्बर तेव्हा पांढऱ्या मिशांचा, धोतरवाला होता. पुढे पडद्यावरचा पाहिला तेव्हा थोडा तरुणच वाटला.

मामाचा कान विलक्षण होता. मिरजेत राहून तो तसा नसता तरच नवल. सतारी-तंबोरे बनवणारी गल्ली घरापासून दहा मिनिटांवर, तिथे बसून तारांना झणकार यावा म्हणून जवारी काढताना ऐकणं हाच त्याचा विरंगुळा. स्वतः पेटी वाजवायचा, भजनापुरती. तर एका सुट्टीत वाड्यातल्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला. रात्रभरात तीन पिक्चर, मधला शोले. टीव्ही ओसरीवर, बायका आत, पुरुष पायऱ्यांवर, मुलं सतरंजीवर आणि खाली पडद्यावरून सरकत जाणाऱ्या साड्यांच्या दुकानाच्या जाहिराती. मुंग्या आल्या की कोणीतरी उठून ट्रॅकिंगची चकती फिरवायचं. चित्र सुधारायचं, आवाज होता तसाच, घोंगडं पांघरून बोलल्यासारखा.

जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो, राधाबाई वरचा दिवा मालवते. ती धून भानू गुप्तांनी वाजवलेली. मामाला ती रेकॉर्डवरून पाठ होती. त्याने हौसेने पेटी ओढली आणि सुरात सूर मिळवायला गेला. बसेना. एक पट्टी खाली, बसेना. एक पट्टी वर, तरी बसेना. भाता सोडून तो म्हणाला, "हे ना काळी दोन, ना पांढरी तीन. ही कॅसेट पळतेय." वाड्यातल्या व्होल्टेजवर खापर फुटलं. कोणीतरी स्टॅबिलायझर आणून लावला. मामाने पुन्हा पेटी धरली, पुन्हा मान हलवली आणि उरलेला पिक्चर त्याने चेहरा पाडून पाहिला. ठाकूरचे हात गेले त्याचं त्याला काही विशेष नव्हतं. पट्टी गेली त्याचं होतं.

मामाचं बरोबर होतं. कॅसेट खरंच पळत होती, पण व्होल्टेजने नाही. पिक्चरच्या रिळात सेकंदाला २४ चित्रं असतात, आणि आपल्याकडचा टीव्ही पॅल पद्धतीचा, त्याला सेकंदाला २५ लागतात. मग सोपा उपाय म्हणून सगळा पिक्चरच चार टक्के वेगाने पळवायचा. चित्रात कोणाला कळत नाही. आवाज मात्र वर चढतो, अर्ध्या स्वराला थोडा कमी पडेल इतका. म्हणजे पेटीवर एका पट्टीतून निघायचं आणि दुसरीपर्यंत पोचायचं नाही. सव्वातीन तासांच्या शोलेतली आठेक मिनिटंही त्यातच जातात. कॅसेट लायब्ररीवाल्यांनी पिक्चर कापलाय अशी तक्रार पुष्कळ जण करायचे. कापला असेलही कधी, पण ही आठ मिनिटं कोणी कापलेली नव्हती.

गब्बरचंच पाहा. अमजद खान तेव्हा नवखा, आणि त्याचा आवाज या भूमिकेला पुरेसा भारदस्त नाही, दुसऱ्याकडून डब करून घ्यावा, अशी चर्चा तेव्हा झाली होती म्हणतात. सुदैवाने तसं काही झालं नाही. आणि मग आपण सगळ्यांनी घरोघरी तोच आवाज आणखी बारीक करून ऐकला, आणि तरीही घाबरलो.

घोंगड्याचंही कारण होतं. व्हीएचएसच्या फितीवर चित्र तिरप्या रेघांनी लिहिलेलं असतं, फिरतं हेड ते वाचतं. आवाज बिचारा फितीच्या कडेला, मिलिमीटरभर रुंदीच्या सरळ पट्टीत. आणि फीत चालते गोगलगायीच्या चालीने, सेकंदाला २.३४ सेंटिमीटर. गाण्यांची साधी कॅसेटसुद्धा पावणेपाच सेंटिमीटरने पळते. म्हणजे तबल्याची चाट, माउथ ऑर्गनची फुंकर, असले बारीक चिरचिरीत आवाज लिहायला तिथे जागाच नाही. शिवाय फीत आधी झिजते ती कडेला. पुढे हायफाय व्हीसीआर आले, त्यांत आवाजही फिरत्या हेडवर गेला आणि एकदम उजळला. पण वाड्यांच्या वर्गणीत ते बसत नव्हते.

एक मात्र कबूल करायला हवं. झोपाळा सगळ्यांत भयंकर वाजला तो त्याच कॅसेटवर. त्या फितीवर शांतता अशी नव्हतीच, सतत एक खरखर. पार्श्वसंगीत थांबलं की ती वर यायची, पाऊस येण्याआधी माळावर वारा सुटतो तशी. त्या खरखरीतून करकर निघायची आणि ती झोपाळ्याची की वाड्यातल्याच कुठल्या दाराची ते कळायचं नाही. सतरंजीवरची दोन-तीन मुलं मागे वळून बघायची. मीही बघितलंय.

व्हीसीडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन डिस्का, ऐन वेळी उठून बदलायच्या. चित्राचे चौकोन पडायचे, होळीच्या गाण्यात तर रंगांची फरशीच. आवाज त्या मानाने बरा. संगीताच्या सीडीतल्या आवाजाचा साधारण सहावा हिस्सा माहिती ठेवायचे, बाकीचं गाळायचे, पण गाळणारा हुशार होता.

डीव्हीडीने खरी पंचाईत केली. हिंदी पिक्चरच्या पुष्कळ डीव्हीड्या एनटीएससी पद्धतीच्या निघाल्या. तिच्यात पिक्चर पळवावा लागत नाही, त्यामुळे पळापळ थांबली. अमजद खानला त्याचा आवाज परत मिळाला. जयची धून पेटीवर बसली असती, पण तोवर मामा नव्हता. आता पंचाईत अशी, की पाकिटावर ५.१, म्हणजे सहा ट्रॅकचा आवाज, असं छापलेलं हवंच, त्याशिवाय विकणार कोणाला? माझ्याकडे जी होती तिच्यात गोळ्या नव्या भरल्यासारख्या वाजायच्या. चित्रातली बंदूक पंचाहत्तर सालची, धडाका दोन हजार सालचा. वर खरखर इतकी धुऊन काढलेली, की तिच्याबरोबर अंगणातला वाराही गेला. झोपाळा कसा वाजला? नुकतंच तेल घातल्यासारखा.

गंमत म्हणजे ७० एमएमचेही ट्रॅक सहा आणि ५.१चेही सहाच. पण मांडणी वेगळी. त्या जुन्या पद्धतीत पाच भोंगे पडद्यामागे आडव्या रांगेत आणि एकच काय तो प्रेक्षकांच्या अंगावर. नाणं डावीकडून उजवीकडे पाच मुक्काम करत जायचं. घरच्या ५.१ला पुढे तीनच, मागे दोन, आणि उरलेला पॉइंट वन नुसता हादरे देणार. आणि घरचा पडदा तो केवढा, नाणं पळून पळून पळणार कुठे?

आता तर टीव्ही इतके सपाट झालेत, की स्पीकर त्यांच्या पाठीला लावतात आणि आवाज आपल्याऐवजी भिंतीला ऐकवतात. सहा ट्रॅकचं दोनांत कोंबताना हादऱ्यांचा ट्रॅक बहुतेक वेळा सोडूनच देतात आणि मधल्या स्पीकरसाठी राखलेले संवाद संगीताखाली गाडले जातात. आमच्याकडे मराठी माणसं मराठी पिक्चर इंग्रजी सबटायटल्स लावून बघतात. ओटीटीवर शोले लावला तर हिची पहिली सूचना, "आवाज वाढव." लगेच दुसरी, "कमी कर." रिमोट हातातून खाली ठेवायची सोय नाही.

बाबांना मात्र यातलं काहीच खटकत नाही. गेल्या वर्षी मी त्यांना चांगले हेडफोन लावून झोपाळा ऐकवला. "छान आहे." मग मुद्दाम फोनच्या भोंग्यावर ऐकवला. "छान आहे." दोन्ही सारखेच? सारखेच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर कागदावर आलेख उतरत होता. डावीकडे खालच्या सुरांना रेघ बरी, उजवीकडे वरचे सूर आले की घसरगुंडी. दोन हजार हर्ट्झनंतर तर पार तळाला. स, श, त, क यांचं ऐकू येणं त्या उजव्या बाजूवर असतं, तपासणाऱ्या बाई समजावून सांगत होत्या. मी मान डोलावत होतो, पण मला समोर वाड्यातली कॅसेट दिसत होती. तीच ती घोंगडं पांघरलेली रेघ. बाबा गेली काही वर्षं सगळं जग व्हीएचएसवर ऐकत होते आणि आम्ही म्हणत होतो, हल्ली लक्षच नसतं त्यांचं.

मधेच त्या बाई थांबल्या, खोलीचं दार उघडून म्हणाल्या, "काका, आत्ता मी काही वाजवलंच नव्हतं. तुम्ही बटण दाबलंत."

"वाजलं की," बाबा म्हणाले. "उजवीकडे."

मशीन महाग निघालं. दोन्ही कानांची घेतली तर किंमत दुप्पट. मी चाचरत विचारलं, सुरुवातीला एकाच कानाचं घेऊन बघायचं का. बाबा लगेच म्हणाले, "दोन्ही घे. एकावर भागवलं तर तुझ्या आईचंच खरं झाल्यासारखं होईल."

आई शेजारीच बसली होती. तिला ऐकू गेलं. तिचे कान उत्तम आहेत.