खोली मोकळी आहे काय?

दरवर्षी निकाल लागून प्रवेशाच्या याद्या झळकू लागल्या की कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या फाटकाशी कोणीतरी पालक येऊन थांबतात, आणि त्यांच्या मागून हातात फाइल घट्ट धरलेली मुलगी विचारते, "काकू, खोली मोकळी आहे काय?" वडिलांनी १९८६ साली घरावर मजला चढवला तो याच प्रश्नाच्या भरवशावर. तीन खोल्या, प्रत्येक खोलीत दोन खाटा आणि गच्चीवर पाण्याची टाकी, एवढाच तो व्याप होता. पण माझे शिक्षण आणि धाकट्या भावाचे लग्न त्या तीन खोल्यांच्या भाड्यावर निभावले. विद्यार्थ्यांच्या भाड्यावर या शहरातले किती संसार चालतात, हे त्यामुळे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सागरमाळावर सुरू झाले. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. पुढे ऐंशीच्या दशकात गोकुळ शिरगाव आणि कसबा बावडा येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि खोल्या शोधणाऱ्यांची गर्दी राजारामपुरी, टाकाळा, शाहूपुरी यांच्या बाहेर पसरली. ही मागणी खरी आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या मागणीचा हवाला देऊन उभ्या राहिलेल्या इमारतींचा आराखडा करताना विद्यार्थ्याचा विचार कोणीच केलेला नाही.

मी स्वतः २०१८ साली विद्यापीठाच्या मागच्या बाजूला एका प्रकल्पात वन बीएचके फ्लॅट बुक केला. बिल्डरच्या कार्यालयात माझ्याबरोबर बसलेल्यांमध्ये शिरोलीच्या फाउंड्रीतले, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातले, एक सुपरवायझर होते, एक निवृत्त शिक्षक होते आणि ऊसबिलाच्या पैशावर बुकिंग करायला आलेले करवीर तालुक्यातले एक शेतकरी होते. स्वतः राहण्यासाठी फ्लॅट घेणारा आमच्यात एकही नव्हता. "पोरांना भाड्याने दिला की हप्ता सुटतो," हे वाक्य त्या तासाभरात मी निदान चार वेळा ऐकले असेल, आणि त्यावर विश्वास ठेवूनच मी सही केली.

या हिशेबातला कच्चा दुवा मला फार उशिरा कळला. फाउंड्रीचे काम वाहन उद्योगावर अवलंबून आहे. २०१९ साली वाहनांची विक्री घसरली तेव्हा पाळ्या कमी झाल्या आणि त्या सुपरवायझरांचा ओव्हरटाइम बंद झाला. उसाचे पैसे गाळपानंतर चौदा दिवसांत द्यावेत असा नियम असला तरी बिल थकले की शेतकऱ्याचा हप्ताही थकतो. बांधकाम स्लॅबनिहाय येणाऱ्या हप्त्यांवर चालते, त्यामुळे दहा जणांचे हप्ते अडकले की पुढचा स्लॅब अडकतो, आणि ज्यांनी वेळेवर पैसे भरले त्यांचाही ताबा लांबतो. त्याच वर्षी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, एवढे सांगितले तरी त्या पुराची कल्पना यावी. २०२१ साली पुन्हा तेच झाले. तेव्हापासून पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर या उंचावरच्या भागात "येथे पुराचे पाणी येत नाही" हीच मोठी जाहिरात झाली. नळाला पाणी येते की नाही, याचा उल्लेख मात्र त्या जाहिरातीत नसतो. पाचगावातला टँकर ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणते ते समजेल.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि आमच्या वरच्या तिन्ही खोल्या आठवडाभरात रिकाम्या झाल्या. मुलींनी घाईघाईने बॅगा भरल्या. गाद्या, स्टो, पुस्तकांचे गठ्ठे तसेच राहिले. जूनमध्ये साताऱ्याच्या एका मुलीने फोन करून अवघडलेल्या आवाजात विचारले, "काकू, डिपॉझिटातनं भाडं वजा करून घेता काय? बाबांचं दुकान बंद आहे." तिच्याकडून भाडे घेणे मला शक्य झाले नाही. आमचे घर कर्जमुक्त होते म्हणून मला हे परवडले. ज्यांनी त्याच भाड्याच्या भरवशावर वीस वर्षांचे कर्ज काढले होते, त्यांना असे म्हणण्याची सोय नव्हती.

माझ्या फ्लॅटचे काम चौथ्या स्लॅबवर थांबले. कामगार गावी गेले, गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराने प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली, आणि पुढच्या वर्षी सिमेंट-सळीचे भाव चढले. कॉलममधून वर आलेल्या सळ्या दोन पावसाळे उघड्या राहिल्या. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्यावरून तांबूस ओघळ आले होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी हात लावून पाहिला तेव्हा गंजाचा पापुद्रा बोटांना चिकटून आला. काम पुन्हा सुरू होताना त्या सळ्या ब्रशने घासून घ्याव्यात म्हणून मी तीन वेळा साइटवर गेले, आणि प्रत्यक्ष घासताना पाहिल्यावरच परतले. रेरा कायद्यामुळे खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, ताबा लांबल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात, हे सगळे मला पाठ झाले होते. तरीही पैसे परत मागून तेवढ्याच रकमेत दुसरे घर मिळणार नव्हते, म्हणून मी थांबले.

मे २०२२ पासून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, वाढत गेला आणि नऊ-दहा महिन्यांत ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर पोहोचला. तीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर व्याज ७ टक्क्यांवरून साडेनऊवर गेले, तर हप्ता सुमारे २३,२५० रुपयांवरून २७,९५० रुपयांच्या घरात जातो. हा वाढलेला पावणेपाच हजारांचा बोजा भरून काढण्याचा एकच मार्ग फ्लॅटमालकाला दिसतो, तो म्हणजे आणखी एक खाट टाकणे. आमच्या इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये आठ मुली राहतात. तो फ्लॅट चौघांच्या कुटुंबासाठी काढलेला आहे: दोन बाथरूम, एक गीझर, अडीच फुटांची बाल्कनी. सकाळी सहा वाजता त्या बाल्कनीत बादल्या रांगेने ठेवलेल्या असतात, कपड्यांच्या दोरीवर एकावर एक तीन थर असतात, आणि अभ्यासाला टेबल म्हणून जेवणघराच्या ओट्याचा शेवटचा दीड फूट वापरात असतो. प्रत्येकीचे भाडे जोडून पाहिले तर कोणत्याही कुटुंबाने दिले नसते एवढे भाडे त्या देतात. एवढे देऊनही त्या घरात त्यांच्यासाठी म्हणून बांधलेली एकही गोष्ट नाही.

मला याचा त्रास अधिक होतो तो हे कोल्हापूर आहे म्हणून. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. बाहेरगावच्या मुलाला शिकायचे असेल तर त्याची राहण्याची सोय आधी लागते, हे या शहराने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. दरबारातून त्यासाठी जागा दिल्या गेल्या, अनुदाने लागली. दसरा चौकात उभे राहिले की त्या काळाच्या खुणा आजही दिसतात. आपण मात्र तीच गरज इन्व्हेस्टरच्या हप्त्यावर सोपवून मोकळे झालो आहोत.

वसतिगृह म्हणून बांधलेली इमारत तोट्यात जाईलच असे मला वाटत नाही. माणशी भाडे दरमहा वीस हजारांपर्यंत आणि वास्तव्य सलग किमान ९० दिवसांचे असेल, तर अशा निवासाला जुलै २०२४ पासून जीएसटीतून सूट आहे. शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ पासून वेगळे प्राधिकरण आहे. पाचगाव-उजळाईवाडीकडच्या ले-आउटना मंजुरी देताना विद्यार्थी निवासासाठी पाण्याच्या जोडणीसह भूखंड राखून ठेवावेत, अशी लेखी मागणी मी त्या प्राधिकरणाकडे यंदा केली आहे, आणि उत्तर येईपर्यंत करत राहणार आहे.

माझा फ्लॅट २०२३ च्या अखेरीस ताब्यात आला. तो दोनच मुलींना द्यायचा, असे मी ठरवले. हॉलच्या खिडकीखाली भिंतीला लागून साडेपाच फूट लांबीचे टेबल करून घेतले आणि त्याच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र दिवे लावले. भाड्यातून हप्ता सुटत नाही. दरमहा काही हजार रुपये मी पदरचे घालते. पहिल्या दिवशी जतहून आलेल्या मुलीने सामान ठेवायच्या आधी नळ सोडून पाहिला आणि विचारले, "काकू, पाणी किती वाजेपर्यंत असतं?"