उंदरांचे टेस्टोस्टेरॉन आणि नैराश्याच्या गोळ्या

लातूरला औषधांच्या दुकानात काउंटरमागे बसू लागल्यापासून एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो, तोही आवाज खाली करून विचारलेला: नैराश्याच्या या गोळ्यांमुळे मूल होण्यात अडचण येईल का? या धास्तीला खतपाणी घालतात त्या प्राण्यांवरील प्रयोगांच्या अर्धवट बातम्या.

नैराश्यावरील फ्लुओक्सेटिनसारखी औषधे मेंदूत सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन अधिक काळ टिकवतात. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच हे संप्रेरक स्रवते आणि ते वृषणातील लेडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक तयार करून घेते. सेरोटोनिन या साखळीत ढवळाढवळ करू शकते, आणि नर उंदरांवरील अनेक प्रयोगांत टेस्टोस्टेरॉन व शुक्राणूंची संख्या घटलेली आढळली आहे. सगळेच निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

मला खरा रस आहे तो मोजणीत. एपिडिडिमिसचा, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या शुक्राणू साठवणाऱ्या नळीचा, तुकडा द्रावणात बारीक चिरून त्याचा थेंब चौकटी आखलेल्या काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक शुक्राणू मोजतात. प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरात शुक्राणू घडायला सुमारे ५२ दिवस लागतात, त्यामुळे दोन आठवड्यांच्या प्रयोगातून पूर्ण चक्राविषयी फारसे कळत नाही. टेस्टोस्टेरॉन तर काही तासांतच वरखाली होते, तेव्हा एकाच रक्तनमुन्यावर विसंबणे धाडसाचेच. शिवाय वजनाच्या प्रमाणात उंदरांना दिलेली मात्रा पुष्कळदा माणसाच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त असते.

म्हणून विचारणाऱ्याला मी सांगतो की गोळ्या परस्पर बंद करू नका. शंका असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, वीर्यतपासणी करता येते आणि औषधही बदलता येते.