पाच आकडे मोजायचे आणि गप्प बसायचं

भांडुपला येऊन आज सहावा आठवडा, शनिवारी परत न्यूजर्सी. मागच्या वेळी आलो तेव्हा माझा मुलगा चिकू नऊ महिन्यांचा होता, एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होता आणि कोणी काही विचारत नव्हतं. आता तो दोन वर्षं सात महिन्यांचा आहे. तेविसाव्या महिन्यात चालायला लागला, बुटाच्या आत पायाला आधार देणारे प्लास्टिकचे ब्रेस घालतो, आणि शब्द म्हणाल तर चार, त्यातले दोन फक्त मला आणि त्याच्या बाबाला कळतात. कागदावर लिहिलंय ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले, म्हणजे चालणं, बोलणं, समजणं, हातांची कामं यातल्या दोन किंवा जास्त गोष्टींमध्ये मूल वयाच्या मानाने बरंच मागे आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी हे नाव वापरतात, पुढे नक्की काय ते मूल मोठं झाल्यावर परत तपासून ठरतं.

येताना मला भीती होती ती प्रश्नांची. अजून बोलत नाही का, पायात हे काय घातलंय, लोकलमध्ये बायका तर सरळ वाकून बूट बघतात. पण खरं सांगते, प्रश्नांचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो त्या मागोमाग येणाऱ्या "बोलेल गं, मुलगे उशिराच बोलतात, तुझा मामा चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता" याचा. म्हणणाऱ्यांची माया खरी आहे, मला कळतं ते. पण याच वाक्यावर मी पाच महिने काढलेत. पंधराव्या महिन्यात माझ्या लक्षात आलं होतं, हा बोटाने काही दाखवत नाही, टाटा करत नाही, हवं असेल तर माझा हात धरून वस्तूवर नेऊन ठेवतो आणि नाही मिळालं तर रडतो. फोनवर आई म्हणाली थांब जरा, आणि मला तेच ऐकायचं होतं म्हणून मी थांबले. अठराव्या महिन्याच्या तपासणीला तिथे आईवडिलांकडून प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात, तो भरताना एकेका 'नाही' वर टिक करताना माझा हात जड झाला, तरी पुढचे दोन महिने गेलेच. वीस महिन्यांचा असताना एका रात्री नवऱ्याला म्हटलं, उद्या फोन करते.

तिकडची पद्धत सांगते, कारण इथे खूप जणांनी विचारलं. अर्ली इंटरव्हेन्शन म्हणतात त्याला, म्हणजे मागे राहिलेल्या मुलांना लवकर तपासून थेरपी देणं, जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, अमेरिकेतल्या १९८६ च्या कायद्यातून आलेलं. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईवडील स्वतः फोन करू शकतात. फोन केल्यापासून ४५ दिवसांत तपासणी करून आईवडिलांसोबत बसून लेखी प्लॅन करायचा असं बंधन आहे, आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. आमच्याकडे दोघीजणी आल्या, ठोकळ्यांची पेटी घेऊन सरळ जमिनीवर बसल्या, दीड तास त्याच्याशी खेळल्या आणि मधे मधे लिहून घेत होत्या. मला वाटलं होतं पांढरे कोट, टेबलं, परीक्षा. थेरपीसुद्धा शक्यतो मुलाच्या रोजच्या जागी व्हावी असं कायद्यातच आहे, म्हणून थेरपिस्ट घरी येतात, आठवड्यातून तासभर, आणि बाकीचे सगळे तास आईबापाने करायचं असतं. मुंबईत बहुतेकांना मुलाला कडेवर घेऊन दादर नाहीतर ठाणे गाठावं लागतं, त्या आयांचे हाल मला इथे आल्यावर कळले. तिकडेही तिसऱ्या वाढदिवसाला हे सगळं थांबतं आणि पुढचं स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कार्यालयाकडे जातं, त्याची मीटिंग निदान ९० दिवस आधी व्हावी लागते, म्हणजे आम्ही परत गेलो की लगेचच.

भाषेचं पण सांगते. मी मधे चिकूशी फक्त इंग्लिश बोलायला लागले होते, कारण ओळखीतल्या एकीने ठामपणे सांगितलं की दोन भाषांनी मुलं गोंधळतात. आमच्या स्पीच थेरपिस्टने पहिल्याच दिवशी विचारलं, तू गाणी कुठल्या भाषेत म्हणतेस, रागावतेस कुठल्या भाषेत? मराठीत म्हटलं. मग मराठीच बोल म्हणाली. दोन भाषा ऐकल्याने मूल मागे पडत नाही, परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात हे कोणीतरी सांगायला हवं, कारण घाबरून मराठी बंद करणारी घरं मी डोळ्यांनी बघितलीयेत आणि त्यात मुलाच्या वाट्याची आजी जाते.

तर त्या थेरपिस्टने मला शिकवलेली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे गप्प बसणं. वस्तू हातात धरायची, मुलाच्या डोळ्यांत बघायचं, एकदाच विचारायचं आणि मनात पाच आकडे मोजायचे. अशा मुलांना ऐकलेलं समजून, काय करायचं ते ठरवून, ते हातातून किंवा तोंडातून बाहेर आणायला वेळ लागतो, आणि आपण दुसऱ्या सेकंदाला परत विचारलं किंवा देऊन टाकलं की त्याची पाळी संपली. शब्द नाहीत म्हणून एक खूण पण शिकवली, दोन्ही हातांची बोटं चिमटीसारखी मिटून टोकं एकमेकांना लावायची, तिचा अर्थ 'आणखी दे'.

भांडुपच्या घरात पाच आकडे मोजणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. इथे मुलाने पाण्याकडे बघायच्या आत तीन जण पेला घेऊन येतात. पहिला आठवडा चिकूला एकदाही काही मागावं लागलं नाही, खूण विसरायला लागला. मी आईवर चिडले, आई तू थांब ना जरा, आणि ती दुखावली, म्हणाली लेकराला उपाशी ठेवून काय शिकवणार आहेस? दोन दिवस आमचं धड बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आतून बघतेय, आई खाली पाटावर बसलेली, समोर चिकू, ताटलीत मऊ वरणभात आणि वर तूप. एक घास दिला, दुसरा चमच्यात घेऊन हात मधेच थांबवला आणि तिचे ओठ हलत होते, एक, दोन, तीन. चार वर त्याने चमच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि हात वर उचलले. बोटं नीट मिटली नाहीत, तूप लागलेलं होतं, पण टोकं टेकली. आईने घास दिला आणि पदराने डोळे पुसले. मी बाहेर गेलेच नाही, तो घास तिचा होता.

जिन्याचं असंच. न्यूजर्सीत आमचं घर तळमजल्यावर, फिजिओथेरपिस्ट सांगून दमली की कठडा धरून पायऱ्यांची सवय करा आणि आम्ही पायऱ्या शोधत मॉलमध्ये जायचो. इथे लिफ्ट नाही, तिसरा मजला, ५४ पायऱ्या, रोज दोन वेळा. एका पायरीवर दोन्ही पाय, मग श्वास, मग पुढची. समोरच्या घरातले काका बाजारातून येतात, हातात पिशवी, त्यात बोंबील, आणि ते चिकूच्या मागे दोन पायऱ्या सोडून उभे राहतात. मी म्हटलं काका तुम्ही व्हा पुढे. म्हणाले, राहू दे, मी पुढे गेलो तर तो पण घाई करेल. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. मागच्या सोमवारी पहिल्या मजल्यावरची मुलगी, म्हणजे तशी बाईच, पंचवीस-सव्वीसची, मला जिन्यात गाठून हळूच म्हणाली, ताई, माझी दीड वर्षाची आहे, हाक मारली तर वळत नाही, दवाखान्यात दाखवलं तर म्हणाले अजून सहा महिने थांबा, घरात सगळे म्हणतात बघायचं सोडून दे. तिचा आवाज मी ओळखला, माझाच होता, एक वर्षापूर्वीचा. मी काही डॉक्टर नाही. पण जे माहिती होतं ते सांगितलं की सगळ्यात आधी कान तपासून घे. तिकडे बहुतेक बाळांचे कान जन्मल्यावर एकदोन दिवसांत तपासतात, चिकूचे दुसऱ्याच दिवशी झाले, हिच्या मुलीचे कधी झालेच नव्हते. बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून, ऐकणं आणि बोलणं याच विषयाची, सरकारी. अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता बाल संरक्षण कार्डावर चित्रं आहेत कुठल्या महिन्यात मूल काय करतं त्याची, ते काढून बघितलं तर तिने कधी मागचं पान उघडलंच नव्हतं, तिला कोणी दाखवलंच नव्हतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात मागे राहिलेली वाढ हाही तपासायचाच विषय आहे, शून्य ते अठरा वयाला, फुकट. आणि एक महत्त्वाचं सांगितलं, आजाराचं नाव ठरेपर्यंत थेरपी अडत नाही, मूल मागे आहे एवढं दिसलं तरी सुरू करता येते.

ती ऐकत होती आणि कडेवरची पोर माझ्या बांगडीशी खेळत होती. मी बांगडी वाजवली, ती वळली नाही. हात हलवून बांगडी चमकली तेव्हा मात्र लगेच बघून हसली.

संध्याकाळी आईला सांगितलं. मला वाटलं म्हणेल, कशाला त्या पोरीला घाबरवलंस. ती भाजी निवडत होती, थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं, कान तपासतात कसे? मी सांगितलं, कानात छोटा बोळा घालतात, आणि बेरा टेस्ट, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची, असेल तर मुलाला झोपवावं लागतं, जागं असून चालत नाही.

गुरुवारी ती पोरीला घेऊन बांद्र्याला जातेय. तिची सासू अजून तयार नाही, नवऱ्याला सुट्टी नाही. आई काल खाली जाऊन सांगून आली, मी येते बरोबर, पोरीला झोपवायचं माझ्याकडे लागलं.