टोरसवरची डेन्सिटी: शिवण गेली, बँडविड्थने दमवलं

रामचंद्रन प्लॉटच्या (प्रोटीनच्या साखळीतल्या वळणांच्या कोनांचा आलेख) कडेला डेन्सिटी (बिंदू कुठे किती दाट आहेत ते) कापल्यासारखी का दिसत होती ते सापडलं. फाय आणि साय हे त्यातले दोन कोन, -१८० आणि +१८० म्हणजे एकच जागा (म्हणून हा सपाट चौकोन नाही, कडा जोडलेला टोरस, मेदूवड्यासारखा), पण आर या प्रोग्रामिंग भाषेच्या मास पॅकेजमधल्या केडीई-टूडीला (डेन्सिटी काढणारं फंक्शन) हे कोण सांगणार, त्याच्या लेखी १७९ आणि -१७९ ही दोन टोकं. अल्फा हेलिक्सचा (मळसूत्री घडीचा) ढीग (-६०, -४५ च्या आसपास) मधेच बसतो म्हणून नीट येतो, बीटाचा (पट्ट्यांसारख्या घडीचा) मात्र सायच्या वरच्या कडेवरून खाली सांडायला हवा, तो वरच अडकतो आणि कडेबाहेरचं वजन गायब.

नेहमीचा उपाय केला: डेटाच्या नऊ कॉप्या ३ बाय ३ मांडल्या, लिम्स (आलेखाच्या सीमा) मधल्या चौकोनाचे ठेवले, झेडला (निघालेल्या डेन्सिटीला) ९ ने गुणलं. शिवण गेली पण सगळंच धुरकट! डोकं खाजवल्यावर कळलं, डीफॉल्ट बँडविड्थ (प्रत्येक बिंदू किती पसरवायचा तो आकडा) आता नऊपट पसरलेल्या डेटावरून काढली जातेय, ती फुगणारच. मग एच (फंक्शनमधली बँडविड्थ) हाताने १० दिला तर नुसते ठिपके ठिपके, कारण हे फंक्शन आत एचला ४ ने भागतं, म्हणजे १० डिग्रीचा सिग्मा (खरा पसरटपणा) हवा तर ४० द्यायचा. हे आधी वाचलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या. आणि हो, ७३ बाय ७३ च्या ग्रिडवर बेरीज १ येते का बघताना शेवटची रांग आणि कॉलम सोडा, ते पहिल्याचेच डबल आहेत.

आता कॉप्या बंद, फॉन मिझेस कर्नल (प्रत्येक बिंदूवर ठेवायचा, वर्तुळावर फिरून येणारा उंचवटा) स्वतः लिहिलाय, दोन्ही कोनांच्या कर्नलचा सरळ गुणाकार. यात कप्पा (बँडविड्थच्या जागी येणारा आकडा) उलटा चालतो, मोठा कप्पा म्हणजे अरुंद कर्नल, १० डिग्रीला साधारण ३३. कप्पा लीव्ह-वन-आउट लाइकलीहूडने (एकेक बिंदू बाजूला ठेवून बाकीच्यांवरून त्याचा अंदाज किती चांगला येतो ते बघून) निवडायला लावला तर तो वर वर चढतच गेला आणि ७०९ च्या पुढे एक्स्पने (ई चा घात काढणारं फंक्शन) हात टेकले, आकडा मावेना. एक्स्पमध्ये कॉस ऐवजी कॉस वजा १ आणि बेसल-आयला (कर्नलच्या भागाकारातलं फंक्शन) एक्स्पॉन-स्केल्ड ट्रू दिलं की तो प्रश्न मिटतो, पण खरा घोळ डेटात होता: एकाच प्रोटीनच्या जुळ्या चेन मी तशाच ठेवल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक बिंदूला जवळजवळ तिथेच बसलेला भाऊ मिळत होता, मग कर्नल कितीही बारीक केला तरी लाइकलीहूड खूशच.

जुळ्या काढल्यावर कप्पा एका जागी थांबला. पुढे ग्लायसीन (सगळ्यात लहान अमिनो आम्ल) वेगळं काढतोय, साइड चेन नसल्याने ते कुठेही हिंडतं आणि बाकीच्यांत मिसळलं की चित्र बिघडवतं.