गड्ड्याची यात्रा आणि व्हिडिओ कॅमेरा: सोलापुरातले चार दिवस

आजीला आता सोलापूरपर्यंतचा प्रवास झेपत नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या यात्रेतला, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतला, अक्षता सोहळा तिला घरबसल्या नीट दिसावा आणि ऐकू यावा, म्हणून या जानेवारीत कॅमेरा घेऊन बाळीवेशीत मामांकडे उतरले. पुढच्या वर्षी कुणी शूटिंगला जाणार असेल, तर माझं जे जे अडलं ते आधीच माहीत असू द्या.

पहिल्या दिवशी हिरेहब्बू वाड्यातून सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. चालून पाय भरून येतात, त्यामुळे जड ट्रायपॉड घरीच ठेवा, एकपायी मोनोपॉड पुरतो. इथे मला पहिली अडचण आली ती पांढऱ्या रंगाची. हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत. एवढा पांढरा रंग चौकटीत भरला की ऑटो एक्स्पोजर सगळं चित्र काळवंडून टाकतं, चेहरे तर ओळखूही येत नाहीत. झेब्रा (जास्त उजळलेल्या भागावर पडद्यावर रेघा दाखवणारी सोय) चालू केला, एक्स्पोजर मॅन्युअलवर घेतलं आणि चेहऱ्यांवर बेतलं. बाराबंदीचा पांढरा थोडा जास्त उजळला तरी चालेल, माणसं दिसली पाहिजेत.

संध्याकाळी मंदिर परिसरात रोषणाईचं चित्रण केलं, तर पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले. कॅमेरा परदेशातून आणलेला, सेटिंग ६० हर्ट्झचं. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मेनूत एनटीएससीचं (६० हर्ट्झ) पाल (५० हर्ट्झ) केलं, २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं, पट्टे गेले. काही एलईडी माळांना मात्र हा उपाय लागू पडत नाही. तिथे शटर थोडं थोडं बदलून पडद्यावरच बघावं लागतं. काही कॅमेरे हा बदल करताना कार्ड फॉरमॅट करायला लावतात, म्हणून आधी सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या.

त्याच रात्री आवाज ऐकला आणि पोटात गोळाच आला. हलगीचा प्रत्येक ठोका फाटलेला. रेकॉर्ड होतानाच फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. ऑटो गेन (आवाजाची पातळी कॅमेऱ्यानंच ठरवणं) ठेवला तर हलगी थांबली की गर्दीची कुजबुज फुगते आणि पुन्हा ठोका पडला की सगळं दबतं. मी ऑडिओ मॅन्युअलवर घेतला आणि सगळ्यात मोठा ठोकाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतपत पातळी उतरवली. हेडफोनशिवाय हे कळत नाही, दोनशे रुपयांचा असला तरी बरोबर ठेवा.

दुसरा दिवस अक्षतांचा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, त्याची आठवण म्हणून संमती कट्ट्यावर हा सोहळा होतो. सकाळीच जाऊन जागा धरली. नंदीध्वज कट्ट्याकडे येताना दिसले, मी लाल बटण दाबलं आणि पडद्यावर आलं: कार्ड लॉक आहे. काढून पाहिलं तर डाव्या कडेची पिवळी खटकी वरच होती. परत घातलं, पुन्हा तेच. खटकी इतकी सैल झाली होती की कार्ड कॅमेऱ्यात शिरताना घासून खाली सरकायची. शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी विचारलं, "काय झालं गं बाळा?" मी सांगितलं, तशी त्यांनी पिशवीतून चिकटपट्टी काढली, दर्शनाच्या फुलांच्या पुडीला लावायला आणलेली. बोटाच्या नखाएवढा तुकडा कार्डाच्या खटकीच्या खाचेवर सपाट बसवला, कडा बाहेर येणार नाही आणि धातूच्या पट्ट्या झाकल्या जाणार नाहीत असा. कार्ड चाललं. काकूंना हात जोडले आणि कॅमेरा वर केला, तोवर कट्ट्यावरून "सत्यम सत्यम" सुरू झालं होतं आणि चारी बाजूंनी अक्षता उडत होत्या.

हा उपाय त्या वेळेपुरताच. सैल खटकीचं कार्ड फेकून द्या आणि खिशात दुसरं ठेवा. घेताना वेगही बघा: १०० मेगाबिटनं चित्रण म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. नुसत्या क्लास १० कार्डाची हमी सेकंदाला १० मेगाबाइटचीच असते, म्हणून रेकॉर्डिंग मधेच बंद पडतं. व्ही३० (सेकंदाला किमान ३० मेगाबाइटची हमी) लिहिलेलं घ्या. त्या वेगानं ६४ जीबीचं कार्ड साधारण ८५ मिनिटांत भरतं.

घरी आल्यावर लेन्सची रिंग करकरू लागली. हूडच्या आत तांदळाचे दोन दाणे अडकले होते. ब्रशनं काढले, फुंकर मारली नाही, कारण थुंकीचे कण काचेवर बसतात.

होमाच्या दिवशी विशेष काही अडलं नाही. धुरात ऑटोफोकस पुढेमागे धावत राहतो, मॅन्युअल केलं की स्थिर.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामासाठी मामांनी ओळखीच्या गच्चीवर जागा मिळवून दिली. "वरून बघ, खाली धूर डोळ्यात जातो," म्हणाले. लांबच्या दिव्यावर फोकस धरून ठेवला, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कमी केला, ऑटो सगळं बंद. अंधारात ऑटो ठेवलं असतं तर आधी आकाश राखाडी दिसलं असतं आणि बाण फुटला की पांढरा गोळा. तरी बॅटरी संपून कॅमेरा मधेच बंद झाला आणि शेवटची फाइल उघडेना. त्या कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड केलं नाही, फॉरमॅटही नाही. नवी बॅटरी घातल्यावर कॅमेऱ्यानंच फाइल दुरुस्त करू का विचारलं, आणि ती उघडली.

आजीनं अक्षतांचा भाग तीनदा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून फक्त आवाज ऐकला.