तुम्ही विचारलंत म्हणून: मास्क होता, मग चिरफाड कशाला?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. पहिली पुण्यातली. साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, त्यामुळे उजवी बाजू उघडीच. गळ्याच्या हाडाखालचा उंचवटा लग्नकार्यात लांबूनही दिसतो आणि आत्या-मावश्या थेट हार्टवर जातात. "पेसमेकर का गं? कळवलंसुद्धा नाहीस!" पेसमेकर बहुधा डावीकडे असतो, हे यंत्र उजवीकडे आहे आणि झोपेत जिभेची नस चेतवून घसा उघडा ठेवण्यासाठी आहे, एवढं सांगितलं की चेहऱ्यावरची काळजी पुसली जाते आणि तिथे अविश्वास येतो. घोरण्यासाठी? घोरण्यासाठी छाती कापून घेतलीस?

दुसरी माणसं इथली, न्यू जर्सीतली. त्यांना स्वतःला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, असतो. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हळूच बाजूला घेतात. "तुम्हाला झोपताना लावायचा हवेचा मास्क लागू पडत होता ना? मग हे कशाला?"

पहिल्यांना मी हसून टाळते. दुसऱ्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणूनच तो झोंबतो.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. वजन कमी करायचं होतं: माझा बीएमआय २६ आहे, अजून किती करू? कुशीवर झोपायचं होतं: झोपले. प्राणायाम: करते, अजूनही. शंख फुंकायचा होता: याला हसू नका. जयपूरच्या डॉक्टरांचा तसा एक छोटा अभ्यास २०२५ मध्ये खरंच छापून आला आणि तो मला निदान सहा नातेवाइकांनी पाठवला. तोवर माझं यंत्र बसून तीन वर्षं झाली होती.

आता खरं उत्तर. झोपेच्या तपासणीत माझा श्वास तासाला ४१ वेळा अडत होता. मास्क लावला की तो आकडा ३ वर यायचा. यंत्र बसवल्यानंतरचा आकडा ११ आहे. म्हणजे चांगला उपाय सोडून मी त्याच्याहून कमी चांगला उपाय घेतला, तोही पूर्ण भूल घेऊन. हे मीच सांगून टाकते, कारण पुष्कळदा समोरच्याला माझ्या तोंडून एवढंच ऐकायचं असतं.

सीपॅपबद्दल, म्हणजे त्या मास्कच्या यंत्राबद्दल, माझ्याकडून वाईट शब्द ऐकायला मिळणार नाही. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो उपाय जगापुढे मांडला. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवायचा, बस्स. इतका साधा आणि इतका खात्रीचा उपाय वैद्यकात क्वचित सापडतो. मी तो वापरत होते आणि मिरवतही होते. मंडळातल्या एका काकांनी मास्क कपाटात टाकून दिला तेव्हा मी त्यांना चारचौघांत सुनावलं होतं, "चष्मा लावता तसा मास्क लावायचा. त्यात एवढं काय?" ती बाई आज मला भेटली तर तिच्याशी वाद घालताना मी हरेन. तिचे सगळे आकडे बरोबर होते.

एप्रिल २०२१. माझे वडील, अण्णा, पुण्यात कोविडच्या वॉर्डमध्ये. दादा बाहेर, पार्किंगमध्ये, कारण आत कुणालाच सोडत नव्हते. मी इकडे, दिवसरात्रीचं भान गेलेली. अण्णांना बायपॅप लावला होता. तोही मास्कच, फक्त मोठा, घट्ट, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, आणि दाब माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. ते तो सारखा ओढून काढत होते. काढला की ऑक्सिजन खाली. हात बांधायची वेळ येईल असं दादाला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं.

एका सिस्टरनं व्हिडिओ कॉल लावून दिला. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, त्यामुळे सगळं धुरकट. तिचा आवाज पीपीईच्या आतून येत होता. "ताई, तुम्ही सांगा ना. आमचं ऐकत नाहीत. मास्क ठेवला तर बरे होतील, एवढं सांगा."

मला सांगता येणारच होतं. घरात दुसऱ्या कुणाला एवढी माहिती नव्हती. मी म्हटलं, "अण्णा, मीपण रोज लावते. पहिले दोन दिवस गुदमरतं, मग सवय होते. श्वास यंत्राच्या विरुद्ध घ्यायचा नाही, त्याच्याबरोबर घ्यायचा." ते बघत होते की नाही, कळत नव्हतं. म्हणून मी उठले, पलंगाशेजारचा माझा मास्क आणला आणि कॅमेऱ्यासमोर चढवला. पट्टे ओढले. अंगठा वर करून दाखवला. हसलेसुद्धा असेन, मास्कमध्ये ते दिसत नाही.

अण्णांनी हात उचलला आणि बोटांनी खूण केली. काढ.

आवाज येत नव्हता, त्यांच्या यंत्राच्या फुस्कार्‍याखाली सगळं बुडत होतं. सिस्टर म्हणाली, "नाही आजोबा, काढायचा नाही." तिला वाटलं ते स्वतःच्या मास्कबद्दल सांगताहेत. मला वाटलं ते माझ्याबद्दल सांगताहेत. शाळेत असताना मी केसांना काहीबाही लावून यायचे तेव्हा ते अशीच खूण करायचे, बोलायचे नाहीत. मी मास्क काढला. मग त्यांनी डोळे मिटले आणि फोन दुसऱ्या पेशंटकडे गेला, त्याचीही कुणीतरी वाट बघत होतं.

पुढे जे झालं ते त्या महिन्यात हजारो घरांत झालं. मी पोचू शकले नाही. दादा एकटा होता.

त्यानंतर मला मास्क लावता येईना. इथे लोक लगेच "क्लॉस्ट्रोफोबिया" म्हणतात. तसं नव्हतं. गुदमरत नव्हतं, श्वास उत्तम यायचा, तेच तर अवघड होतं. डॉक्टरांना मी नाक कोरडं पडतं, गालावर वळ उठतात, रात्री मास्कमधून हवा गळते असं सांगितलं. तिन्ही खरं होतं. तिन्ही आधीही खरं होतं.

मग जूनमध्ये एका मोठ्या कंपनीनं आपली मास्कची लाखो यंत्रं परत मागवली. आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात, असं निघालं. माझं यंत्र त्या यादीत होतं. लोक संतापले, आणि संतापायलाच हवं होतं. मी मात्र, खरं सांगते, सुटकेचा नि:श्वास टाकला. आता मास्क न लावण्याचं कारण कुणालाही सांगता येण्यासारखं होतं. बदली यंत्र आलं तेव्हा ते खोक्यातच राहिलं. दिवसा मी मीटिंगमध्ये पेंगायला लागले, रक्तदाब चढला, आणि नवऱ्यानं गाडीची किल्ली स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली.

जिभेची नस चेतवणाऱ्या यंत्राबद्दल मी तेव्हाच वाचायला लागले, आणि मला हवं तेच वाचलं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला जानेवारी २०१४ चा अभ्यास: १२६ माणसं, वर्षभरानं तासाला श्वास अडण्याचा मधला आकडा २९.३ वरून ९.० वर. त्याच एप्रिलमध्ये एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाची, परवानगी. हे मी सगळ्यांना ऐकवत होते. त्याच अभ्यासात साधारण तिघांतल्या एकाला ठरवलेल्या निकषाइतका फायदा झाला नाही आणि त्यातले ८३ टक्के पुरुष होते, हे मी मनातल्या मनात वाचलं. बायका घोरत नाहीत असं समजणाऱ्या जगात माझं निदान आधी थायरॉइड, मग पाळी जाण्याचा थकवा, मग नैराश्य अशा तीन थांब्यांवर अडून राहिलं होतं. तरी या ८३ टक्क्यांवर मी तेव्हा भांडले नाही.

ज्यांना स्वतःसाठी विचारायचं असेल त्यांनी हा भाग नीट वाचा. हे यंत्र मागितलं म्हणून मिळत नाही. आधी औषधानं झोपवून नाकातून दुर्बीण घालतात आणि घसा नेमका कुठे आणि कसा मिटतो ते बघतात. टाळूच्या मागची जागा चहूबाजूंनी आवळून बंद होत असेल, तर नकार. जीभ पुढे ओढून तिथे काही साधत नाही. माझा घसा पुढून-मागे मिटतो, म्हणून मी पास. विमा कंपनीनं आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं.

माझ्या वेळी चिरे दोन. एक हनुवटीखाली उजवीकडे, तिथे जिभेच्या, म्हणजे मेंदूतून येणाऱ्या बाराव्या, नसेला तार जोडतात. दुसरा छातीवर, तिथे बॅटरीचं यंत्र, आणि फासळ्यांमध्ये श्वास ओळखणारी दुसरी तार. आठवडाभर जीभ जड होती, माझा 'ळ' ऐकून मुलगी हसत होती. महिनाभरानं क्लिनिकमध्ये ते पहिल्यांदा चालू केलं आणि माझी जीभ, मी काही न सांगता, दातांपर्यंत पुढे सरकली. विचित्र हा शब्द पुरत नाही. दुखत नाही, पण आपल्या तोंडात आपल्याखेरीज आणखी कुणाचं तरी चालतं, हे पचायला वेळ लागतो. आता रात्री रिमोटचं बटण दाबते. अर्धा तास ते गप्प असतं, तोवर झोप लागलेली असते, मग प्रत्येक श्वासाबरोबर जीभ पुढे. मधे जाग आली तर थांबवायचं बटण आहे. खालच्या दातांनी जीभ सोलवटते कधी कधी. बॅटरी साधारण अकरा वर्षं पुरते, मग पुन्हा चिरा.

आता हिशेब. मास्कनं ३, पण न लावलेल्या रात्री ४१. यंत्रानं ११, रोज. न लावलेल्या रात्री मोजल्या की माझी बाजू भक्कम होते, आणि मी हा हिशेब कुणालाही कागदावर मांडून दाखवते. मुलीला दाखवला. ती म्हणाली, "आई, पण मास्कची भीती घालवण्यासाठी थेरपी असते. चार महिने ती करून बघितली असतीस तर?" मास्कची हळूहळू सवय करून देणारे लोक आहेत, हे मला माहीत होतं. मी तिला म्हटलं, मला भीती नव्हती. ती म्हणाली, "मग काय होतं?" यावर माझ्याकडे वाक्य नव्हतं. अण्णांनी सांगितलं म्हणून काढला, असं पन्नाशीतल्या बाईनं म्हणायचं? आणि ते मलाच म्हणाले होते, हे तरी कशावरून? सिस्टर त्यांच्या शेजारी उभी होती. मी आठ हजार मैलांवर, पिशवीतल्या फोनमध्ये.

दादालाही हाच आजार आहे. आमच्या घराण्याचा जबडाच मागे. तो मास्क लावतो, रोज, न चुकता, अण्णांच्या नंतरही. बाहेर पार्किंगमध्ये तो होता, शेवटचं सगळं त्यानं केलं आणि त्या रात्री घरी येऊनही त्यानं मास्क लावला, असं वहिनी सांगते. माझं उत्तर कुणापुढेही टिकतं, दादापुढे टिकत नाही. म्हणून हा विषय मी त्याच्यासमोर काढत नव्हते.

गेल्या खेपेला त्यानंच काढला. जेवण झाल्यावर माझ्या गळ्याकडे बघत म्हणाला, "मीपण करून घेऊ का गं हे?"

मी दुर्बिणीच्या तपासणीचं सांगायला लागले, त्याचा बीएमआय विचारला, आकडा विचारला. मग म्हटलं, "पण तुला कशाला? तुला तर मास्क चालतो."

"चालतो असं कोण म्हणालं?" दादा म्हणाला. "लावतो."